वाचकांचे प्रश्न : आधी दाराची रुंदी मोजा

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच विषयाची, म्हणजे व्हीलचेअर वापरणाऱ्यांनी एकमेकांसाठी चालवलेल्या गटाची निघाली, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. तिन्ही पत्रे इंदूरचीच आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे गाळली आहेत आणि मजकूर थोडा आवरता घेतला आहे. या विषयावर मला तटस्थपणे लिहिता येणार नाही, हे आधीच सांगितलेले बरे. गेली एकवीस वर्षे मी स्वतः व्हीलचेअरवर आहे आणि त्यांपैकी अकरा वर्षे इंदुरातल्या अशाच एका छोट्या गटाच्या मासिक बैठकीला जात आहे.

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. माझे वय ४१ आहे. दोन वर्षांपूर्वी गच्चीवरून पडून पाठीच्या मणक्याला मार बसला आणि कमरेखालची शक्ती गेली. त्यापूर्वी मी कापडाच्या एका पेढीवर हिशेब लिहीत असे. आता तेच काम घरून थोडेफार करतो. फिजिओथेरपीला जाताना माझ्यासारख्याच दोघांची ओळख झाली आणि इंदुरातल्या व्हीलचेअर वापरणाऱ्यांचे एक मराठी मंडळ असावे, असे आम्हा तिघांच्याही मनात आले. मी घटनेचा मसुदा तयार केला आहे, कार्यकारिणीच्या सात पदांची यादी केली आहे आणि उद्घाटनाला कोणाला बोलवावे यावर आमची चर्चा चालू आहे. ओळखीच्या एका संस्थेने सभागृह देऊ केले आहे. आमचे घर जुन्या वस्तीत असून ओटला दोन फूट उंच आहे, त्यामुळे मी स्वतःच महिन्यातून दोन-तीनदा बाहेर पडतो. सुरुवात कशी करावी आणि आलेली माणसे टिकावीत म्हणून काय करावे?

उत्तर : तुमच्या मंडळात सभासद तीन आणि पदे सात, हे वाचून मला हसू आले, पण ते हसू तुमच्यापेक्षा आमचेच अधिक होते. तेरा वर्षांपूर्वी आम्ही चौघांनी नेमके हेच केले होते. इंदूरची मराठी माणसे जमली की पहिल्या बैठकीत घटना आणि दुसऱ्या बैठकीत मतभेद, ही आपली जुनी रीत आहे. पाहुणे ठरले, समई आली, पत्रिका छापून झाल्या; आणि ज्या सभागृहाने मोठ्या मनाने जागा दिली होती त्याच्या दाराशी तीन पायऱ्या आहेत, हे आमच्यापैकी कोणाला ठाऊकच नव्हते, कारण जागा पाहायला आमच्यातल्या एकाचा धडधाकट भाऊ गेला होता. चालणाऱ्या माणसाला तीन पायऱ्या दिसत नसतात, त्यात त्याचा दोष नाही. कार्यक्रमाच्या दिवशी मंडपवाल्याकडून दोन फळ्या आणून पायऱ्यांवर टाकल्या. एका गृहस्थांची खुर्ची अर्ध्यावर असताना तिचे पुढचे लहान चाक फळीच्या कडेवरून घसरले, आणि हार हातात घेऊन उभे असलेले पाहुणे, धावत आलेले चार कार्यकर्ते आणि दोन्ही हातांनी चाके गच्च धरून बसलेले ते गृहस्थ असे सगळेच क्षणभर जागच्या जागी थिजले. शेवटी त्यांना खुर्चीसकट उचलून आत नेले. ते पुन्हा कधीही आले नाहीत. पुढच्या महिन्यात सहा जण आले, त्याच्या पुढच्या महिन्यात आम्ही चौघेच उरलो, आणि मंडळ तिथेच संपले.

म्हणून घटनेचा मसुदा सध्या कपाटात ठेवा आणि एक मोजपट्टी घ्या. उताराचा हिशेब तुमच्यासारख्या हिशेबनीसाला अवघड नाही : एक इंच उंची चढायला बारा इंच लांबीचा उतार लागतो, आणि हेच १:१२ चे प्रमाण आपल्या देशातल्या सुगम्य बांधकामाच्या मार्गदर्शक तत्त्वांतही धरलेले आहे. सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्या म्हणजे १८ इंच, म्हणजेच १८ फूट लांबीचा उतार. आणि आम्ही टाकल्या होत्या पाच फुटी फळ्या! देऊ केलेल्या सभागृहात तुम्ही स्वतः जा, खुर्चीत बसूनच जा, आणि तिथल्या व्यवस्थापकाने ‘दोन माणसे उचलून घेतील, काळजी करू नका’ असे आश्वासन दिले तर त्याचे आभार मानून दुसरी जागा शोधा. उचलून नेल्यावर माणूस एकदा येतो, दुसऱ्यांदा काही तरी निमित्त सांगतो.

दारापेक्षाही महत्त्वाची जागा म्हणजे स्वच्छतागृह. साधारण व्हीलचेअर चाकांच्या कडांवरच्या कड्यांसकट ६५ सेंटीमीटरच्या आसपास रुंद असते. दार ९० सेंटीमीटरचे असावे आणि आत खुर्ची वळवायला दीड मीटर व्यासाची मोकळी जागा असावी, अशी अपेक्षा आहे. प्रत्यक्षात आपल्याकडच्या कित्येक सभागृहांत मुख्य दार वरात जाईल एवढे रुंद आणि स्वच्छतागृहाचे दार जेमतेम दोन फुटी असते. त्याचा परिणाम काय होतो, हे तुम्हाला सांगायला नको. माणूस बैठकीच्या आदल्या रात्रीपासून पाणी पिणे कमी करतो, आणि मज्जारज्जूला दुखापत झालेल्या माणसाने पाणी कमी करणे म्हणजे लघवीच्या मार्गातल्या संसर्गाला आमंत्रण देणे होय. आमच्या गटातल्या एका बाई सलग तीन बैठकांना चहा नको म्हणत राहिल्या. त्यांना चहा आवडत नसेल असे आम्ही समजत होतो. चौथ्या बैठकीला जागा बदलली आणि त्यांनी दोन कप चहा घेतला.

आता वेळेविषयी. सकाळी दहाची बैठक ठेवू नका, कितीही सोयीची वाटली तरी. आपल्यापैकी बहुतेकांची सकाळची शौचाची तयारी, आंघोळ आणि कपडे यांत दोन तास सहज जातात, आणि घाई केली की पुढचा सारा दिवस बिघडतो. आम्ही दुपारी चारची वेळ ठरवली, ती आजतागायत टिकली आहे. एप्रिल आणि मे महिन्यांत मात्र ती साडेपाचवर नेतो. छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत दुखापत झालेल्यांना दुखापतीच्या खालच्या शरीराला घाम येत नाही, त्यामुळे माळव्यातल्या उन्हात त्यांचे अंग भराभर तापते. अशा वेळी ओला नॅपकिन आणि पाणी शिंपडायची बाटली हाताशी असावी. पावसाळ्यात गल्ल्यांमधून पाणी वाहत असते तेव्हा बैठक फोनवर घ्यावी, हट्ट करू नये.

येण्याजाण्याचा प्रश्न इंदुरात सोपा नाही. २०१३ साली सुरू झालेल्या ‘आयबस’ या शहर बससेवेच्या थांब्यांवर फलाट आणि बसचा तळ जवळपास एका पातळीवर असे, हे सुख आता सांगण्यापुरतेच उरत चालले आहे. ज्यांच्याकडे मागे दोन जादा चाके लावलेली स्कूटर आहे ते सर्वांत स्वतंत्र. त्यांच्यासाठी दारालगत सावलीची जागा राखा, कारण स्कूटरवरून उतरून खुर्चीत बसायला कडेला मोकळी जागा लागते. इतरांसाठी ई-रिक्षा बरी पडते, कारण तिचा तळ ऑटोपेक्षा खाली असतो आणि घडी केलेली खुर्ची समोरच्या बाकावर मावते. एकाच भागातल्या दोघांनी एक रिक्षा करावी आणि भाडे वाटून घ्यावे. आम्ही एक रिक्षावाला कायमचा ठरवला आहे. त्याला आता खुर्चीचा ब्रेक कुठे असतो आणि पाय ठेवायच्या पट्ट्या कशा वळवायच्या, हे आमच्या घरच्यांपेक्षा चांगले समजते.

माणसे कुठून मिळतील, असे तुम्ही विचारलेले नाही, पण तो प्रश्न लवकरच पडेल. मोठ्या सरकारी रुग्णालयातील अस्थिरोग विभाग, फिजिओथेरपी केंद्रे, दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र देणारे वैद्यकीय मंडळ ज्या दिवशी बसते तो दिवस, आणि सहायक साधनांच्या वाटपाची शिबिरे, ही नेहमीची ठिकाणे झाली. त्यांच्याइतकाच उपयोग कोपऱ्यावरच्या सायकल दुरुस्तीवाल्याचा होतो. व्हीलचेअरच्या मागच्या चाकांचे पंक्चर काढायला लोक त्याच्याकडेच येतात, त्यामुळे आसपासच्या पाच गल्ल्यांत कोणाकडे खुर्ची आहे याची यादी त्याच्या डोक्यात असते. लघवीच्या पिशव्या विकणारा औषधाचा दुकानदारही अशीच माहिती राखून असतो. मात्र त्याच्याकडून कोणाचे नाव काढून घेऊ नका, तुमचा फोन क्रमांक लिहिलेली चिठ्ठी त्याच्या गल्ल्यावर ठेवा आणि ज्याला हवे असेल तो फोन करील. हा संकोच पाळलाच पाहिजे, कारण आपल्या आजाराची वार्ता आपल्याआधी गल्लीत पोहोचते याचा अनुभव आपल्या सर्वांनाच आहे.

गट मराठी भाषकांपुरता ठेवावा असे तुमच्या मनात असावे, असे तुमच्या पत्रातल्या ‘मराठी मंडळ’ या शब्दांवरून वाटले. मी तसे करणार नाही. स्नेहलतागंजातला मराठी माणूस आणि परदेशीपुऱ्यातला हिंदी बोलणारा माणूस यांना बसून बसून होणारी जखम एकसारखीच असते. आमच्या बैठकीत वाक्य मराठीत सुरू होऊन हिंदीत संपते आणि त्यामुळे कोणाचे काही बिघडलेले नाही.

पहिल्या बैठकीला पाहुणे नकोत, डॉक्टरही नकोत. तुम्ही तिघे आणि आणखी दोघे पुष्कळ झाले. डॉक्टर आले की सर्वांच्या माना त्यांच्याकडे वळतात आणि बैठकीचा दवाखाना होतो. त्यांना सहा महिन्यांनंतर बोलवा, प्रश्न लिहून ठेवून बोलवा. सुरुवातीला प्रत्येकाने एवढेच सांगावे की गेल्या महिन्यात आपण कुठे गेलो आणि तिथे कसे पोहोचलो. हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. ‘दुःख सांगा’ म्हटले तर माणूस गप्प बसतो; ‘बँकेत कसे गेलात’ म्हटले की पायऱ्या येतात, रखवालदार येतो, बाहेर येऊन सही घेणारा कारकून येतो, त्या दिवशी आलेला राग येतो आणि हळूहळू उरलेले सगळेही येते. आमच्याकडे एक तरुण मुलगा पहिले पाच महिने फक्त ‘कुठेही गेलो नाही’ एवढेच सांगत होता. सहाव्या महिन्यात तो म्हणाला, ‘ओटल्यापर्यंत गेलो.’ त्यावर कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, हे फार चांगले झाले. शेजारच्या काकांनी फक्त विचारले, ‘उंबरा कसा ओलांडलास?’ आणि पुढची वीस मिनिटे उंबऱ्यावर गेली : पुढची चाके कशी उचलायची, तोल मागे किती न्यायचा, शिकताना मागे माणूस का उभा ठेवायचा.

अशा गटाचा खरा उपयोग हाच आहे. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांना ऐन उमेदीच्या वयात अपंगत्व आले तेव्हा त्यांना उभारी दिली ती स्वतः व्हीलचेअरवर असलेल्या बाबूकाका दिवाणांनी. पुढे १९८४ साली नसीमाताईंनी उभ्या केलेल्या ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ या संस्थेचे काम महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. चालत्या माणसाने दिलेला धीर आणि खुर्चीतल्या माणसाने दाखवलेली युक्ती यांत फरक असतो. तुम्हाला दोन वर्षे झाली आहेत. ज्याला दोन महिने झाले आहेत त्याच्यासाठी तुम्ही फार अनुभवी आहात.

मात्र युक्ती आणि औषध यांच्यातली रेघ पहिल्याच दिवशी आखून घ्या. कोणती गादी वापरता, पलंगावर कसे सरकता, प्रवासात पिशवी कुठे रिकामी करता, हे खुशाल सांगावे. कोणत्या गोळीने पाय आखडणे थांबते, हे सांगू नये. आणि एक सवय बैठकीतच लावून घ्यावी : दर वीस मिनिटांनी आमच्यापैकी कोणी तरी नुसते ‘चला’ म्हणते आणि बोलणे चालू ठेवूनच सर्व जण पुढे झुकतात किंवा एका कडेला कलतात, निदान दोन मिनिटे. बसून राहिल्याने होणाऱ्या जखमा टाळण्यासाठी हे करावे लागते, हे सर्वांना रुग्णालयातून सुटतानाच सांगितलेले असते. पण घरी एकट्याने करायला माणूस विसरतो. नवा माणूस पहिल्यांदा हे दृश्य पाहून गोंधळतो. पंधरा माणसे गप्पा मारता मारता एकदम वाकतात, आणि कोणीही त्याकडे लक्ष देत नाही.

राहिला तुमचा ओटला. दोन फूट उंचीला २४ फूट उतार लागेल आणि तुमच्या गल्लीची रुंदी तेवढी असण्याची शक्यता नाही, तेव्हा तूर्त दोन माणसे लागणारच. त्यांना एवढे शिकवा : उतरताना तुमचे तोंड समोर, चढताना पाठ ओटल्याकडे, दोन्ही वेळा खुर्ची मागे कलंडवून मोठ्या चाकांवर तोललेली, मागच्याने मुठी धराव्यात आणि पुढच्याने खुर्चीच्या चौकटीला धरावे. हात ठेवायच्या दांड्यांना किंवा पायाच्या पट्ट्यांना धरून कोणीही उचलू नये, कारण त्या निखळून हातात येतात. माझ्या बाबतीत एकदा तसे झाले आहे आणि ते एकदाच पुरे होते.

प्रश्न : माझ्या यजमानांना मानेच्या मणक्याची दुखापत होऊन चार वर्षे झाली. हातांत थोडी शक्ती आहे, पण बोटे चालत नाहीत. त्यांना अशा गटात न्यावे असे मला वाटते. परंतु ते बोलके नाहीत आणि मी सोबत नसले तर त्यांना पाणीसुद्धा पिता येत नाही. मी त्यांच्याजवळ बसावे की बाहेर थांबावे? आणि खरे सांगायचे तर, कोणाशी तरी बोलावे असे मलाही वाटते, पण तसे म्हणायची लाज वाटते.

उत्तर : तुमचे शेवटचे वाक्य मी आधी घेते. त्यात लाजण्यासारखे काही नाही, आणि हे वाक्य मी गेल्या अकरा वर्षांत निदान वीस जणींच्या तोंडून ऐकले आहे, बहुतेक वेळा जिन्याखाली किंवा चहाच्या ओट्यापाशी, कुजबुजत. चार वर्षे रात्री दोन-तीनदा उठून कूस बदलून देणाऱ्या बाईला झोप लागत नाही, कंबर दुखते, माहेरी जाता येत नाही, आणि ‘तुम्ही किती करता हो त्यांचं’ या कौतुकापुढे यातले काहीच बोलता येत नाही.

आमच्याकडे पहिला तास खुर्चीवरची मंडळी एका खोलीत बसतात आणि सोबत आलेली मंडळी दुसऱ्या खोलीत किंवा व्हरांड्यात. त्यानंतर चहा एकत्र होतो. ही पद्धत एका प्रसंगावरून पडली. एका गृहस्थांना कोणी विचारले, ‘झोप लागते का?’ उत्तर त्यांच्या पत्नीने दिले. ‘जेवण?’ उत्तर पत्नीने दिले. ‘मुलगी कितवीत आहे?’ याचेही उत्तर पत्नीच्याच तोंडून आले. तेव्हा आमच्यातल्या एका वडीलधाऱ्या सभासदांनी अगदी हळू आवाजात म्हटले, ‘वहिनी, त्यांना विचारलंय.’ खोलीत जरा अवघडलेली शांतता पसरली. मग ते गृहस्थ म्हणाले, ‘दहावीत. गणित मीच घेतो तिचं.’ त्यांच्या पत्नीचा त्यात काही अपराध नव्हता; वर्षानुवर्षे सर्व जग तिलाच विचारत आले होते, ‘कसे आहेत हे?’

तुमच्या यजमानांसाठी लांब नळीची पाण्याची बाटली खुर्चीला अडकवता येते, किंवा ज्याचे हात चांगले चालतात असा सभासद शेजारी बसू शकतो. आमच्याकडे फक्त कमरेखालची शक्ती गेलेले सभासद मानेची दुखापत असलेल्यांना चहा पाजतात आणि ते दोघांनाही मानवते. तरीही एक गोष्ट तुम्ही खोलीतल्या सर्वांना सांगून ठेवली पाहिजे. मानेची किंवा छातीच्या वरच्या भागातली दुखापत असलेल्या माणसाचे डोके एकाएकी ठणकू लागले, चेहरा लाल झाला आणि कपाळावर घाम सुटला, तर त्याला आडवे करू नये; ताठ बसवावे, पट्टा आणि घट्ट कपडे सैल करावेत आणि पहिल्यांदा लघवीची नळी कुठे मुडपली आहे का किंवा पिशवी भरली आहे का, ते पाहावे. रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत चढत असल्याची ही खूण असते. कारण सापडून लगेच उतार पडला नाही तर विनाविलंब रुग्णालय गाठावे. हे सर्व एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून त्यांच्या खुर्चीच्या मागच्या खिशात ठेवा. रुग्णालयातही तो कागद दाखवा, कारण प्रत्येक ठिकाणच्या रात्रपाळीच्या डॉक्टरांना याची सवय असतेच असे नाही.

बोलके नसणे ही अडचण नाही. वर्षभर एक शब्दही न बोलता नियमित येणारे सभासद आमच्याकडे आहेत. परंतु कोणी ‘आता पुरे झाले, जगण्यात अर्थ नाही’ असे म्हणू लागला, मग तो खुर्चीवरचा असो की सोबत आलेला, तर त्याची समजूत घालण्याचे काम गटाने एकट्याने अंगावर घेऊ नये. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे. त्या माणसाला एकटे न सोडता, शेजारी बसून तिथे फोन लावून द्यावा आणि घरच्यांना विश्वासात घेऊन मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे. तुमच्या खोलीतल्या गोष्टी त्या खोलीत जाऊ नयेत आणि त्या खोलीतल्या तुमच्या खोलीत येऊ नयेत, एवढे पथ्य मात्र दोन्ही बाजूंनी कडक पाळावे लागते. बैठकीची छायाचित्रे काढून ती व्हॉट्सॲपवर पाठवायला आमच्याकडे बंदी आहे, यावरून दोन उत्साही सभासद रुसून गेले होते, पण नियम बदललेला नाही.

प्रश्न : मी सेवानिवृत्त अधिकारी असून ज्येष्ठ नागरिकांच्या एका मंडळाचा सचिव आहे. आमच्या मंडळाने वर्धापनदिनी वीस व्हीलचेअर समारंभपूर्वक वाटायचे ठरवले आहे. त्या घेणारा गट नोंदणीकृत असावा, असे आमच्या सभासदांचे म्हणणे आहे. नोंदणीशिवाय अशा गटाला सरकारदरबारी काही करता येते का?

उत्तर : मध्य प्रदेशात संस्थेची नोंदणी १९७३ च्या सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियमाखाली होते आणि त्यासाठी किमान सात सभासद लागतात. (पहिल्या पत्रलेखकांच्या सात पदांचे मूळ कदाचित इथेच असावे.) नोंदणी झाली की दरवर्षी हिशेब आणि कार्यकारिणीची यादी सादर करणे आले. गटाच्या नावे बँकेत खाते उघडायचे असेल किंवा देणग्या घ्यायच्या असतील तर ती करावी. एरवी दोन-तीन वर्षे तिच्यावाचून काहीही अडत नाही.

सरकारदरबारी तर मुळीच अडत नाही. २०१६ च्या दिव्यांगजन अधिकार अधिनियमाने दिलेले हक्क व्यक्तीचे आहेत, मंडळाचे नाहीत. सार्वजनिक इमारती सुगम्य करण्यासाठी त्या कायद्याने नियम निघाल्यापासून पाच वर्षांची मुदत घातली होती, आणि ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रातुरी यांच्या याचिकेवरील निकालात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे निकष नुसते मार्गदर्शक न ठेवता बंधनकारक करा, असे केंद्र सरकारला बजावले. कोणीही साध्या कागदावर अर्ज लिहून मंगळवारी जिल्हाधिकारी कार्यालयातल्या जनसुनावणीला जाऊ शकतो. अनुभवाची गोष्ट एवढीच सांगते की ‘शहर सुगम्य करा’ या अर्जाला उत्तर येत नाही. अमुक चौकातल्या स्वच्छतागृहाच्या दारात आठ इंचांची पायरी आहे, तिचे मोजमाप आणि छायाचित्र सोबत जोडले आहे, या अर्जाला येते. आम्ही असाच एक अर्ज केला होता. चौथ्या मंगळवारी एक अभियंता येऊन पायरी मोजून गेला आणि पुढच्या महिन्यात तिथे उतार झाला. उतार जरा जास्तच चढा आहे, पण आहे.

आता तुमच्या वीस खुर्च्या. रागावणार नसाल तर लिहिते : त्या एकसारख्या मापाच्या घेऊ नका. बाजारात घाऊक मिळणारी खुर्ची १८ इंच रुंद आसनाची असते. सडपातळ मुलगी तिच्यात एका कडेला कलून बसते आणि तिची पाठ वाकडी होऊ लागते. स्थूल माणसाच्या मांड्या कडांना घासून जखमा होतात. आसन बसणाऱ्याच्या कमरेपेक्षा दोन्ही बाजूंना मिळून जेमतेम दोन इंच जादा असावे. शिवाय ज्यांना खुर्चीच हवी आहे त्यांना केंद्र सरकारच्या योजनेखाली, कानपूरच्या अलिम्को या सरकारी कारखान्यात बनलेली खुर्ची, पात्रतेनुसार तपासणी शिबिरांतून मिळू शकते. त्यासाठी त्यांचे यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे सरकारी ओळखपत्र) काढून देण्याचे काम तुमच्या मंडळातल्या निवृत्त अधिकाऱ्यांनी अंगावर घेतले, तर त्याची किंमत वीस खुर्च्यांहून कमी होणार नाही. संगणकावर अर्ज भरणे, कागदपत्रे जुळवणे आणि वैद्यकीय मंडळाच्या तारखेला सोबत जाणे, या तिन्ही गोष्टींना वेळ लागतो, आणि वेळ तुमच्याकडे आहे.

तरीही पैसा खर्चच करायचा असेल तर खुर्चीवर ठेवायच्या चांगल्या प्रतीच्या गाद्या घ्या. जखमा गादी टाळते. त्याबरोबर चोवीस इंची चाकांच्या ट्यूब आणि टायर, पुढच्या लहान चाकांच्या दोन-चार जोड्या, पान्हे आणि एक हवा भरायचा पंप अशी एक पेटी गटाच्या बैठकीच्या जागी ठेवून द्या. गाद्यांसाठी प्रत्येकाचे माप आधी घ्यावे लागेल, तेव्हा वर्धापनदिनाच्या निदान महिनाभर आधी तुमच्यापैकी दोघांनी एखाद्या बैठकीला चार वाजता येऊन बसावे. आणि समारंभ व्यासपीठावर करणार असाल, तर त्याला पायऱ्या किती आहेत ते आजच जाऊन पाहून या.